गटारीनंतरचे ७२ तास

गिरणगावातली चाळ, दहा बाय बाराची खोली, वर पोटमाळा. घरात आई, नवरा-बायको आणि दोन मुलं. नवरा ४४ वर्षांचा, माझगावकडच्या एका लहान वर्कशॉपमध्ये फिटर. दारू चौदा वर्षांची, त्यातली शेवटची सहा रोजची. हे प्रकरण कुणा एका माणसाचं नाही. अनेक रुग्णांमध्ये पुन्हा पुन्हा दिसणारी वळणं एकत्र करून ते बांधलं आहे, त्यामुळे कुणाचंही नाव यात नाही. तास, मात्रा आणि चुका मात्र जशा घडतात तशाच ठेवल्या आहेत.

आधी पिण्याचं प्रमाण. ‘किती पेग घेता?’ असं विचारलं की उत्तर ठरलेलं असतं: ‘दोन-तीन, तेही संध्याकाळी.’ या उत्तराचा उपयोग नसतो. विचारायचं ते असं: दिवसाला क्वार्टर किती? पहिली कधी उघडता? सकाळी न घेता कामावर गेलात तर हात कसे राहतात? या माणसाचा हिशेब तीन क्वार्टरचा निघाला. सकाळी सहाला, चहाच्याही आधी, मोरीत उभं राहून अर्धी क्वार्टर, म्हणजे ‘उतारा’. दुपारी डब्याबरोबर उरलेली अर्धी. संध्याकाळी सुटल्यावर दोन. रमच्या बाटलीवर ४२.८ टक्के लिहिलेलं असतं. १८० मिलीच्या क्वार्टरमध्ये म्हणून सुमारे ६० ग्रॅम शुद्ध अल्कोहोल येतं, आणि तीन क्वार्टरमध्ये १८०. पण डॉक्टरच्या दृष्टीने यातली सगळ्यात महत्त्वाची माहिती १८० ग्रॅमची नाही, सकाळच्या उताऱ्याची आहे. रात्रीच्या पाच-सहा तासांच्या झोपेत दारू उतरते आणि शरीर तेवढ्यातच कुरकुर करायला लागतं. उतारा घेणारा माणूस रोज सकाळी छोटी विथड्रॉवल, म्हणजे दारू तुटल्यावरचा त्रास, सुरू होताना पाहतो आणि दारूनेच ती थांबवतो. अशा माणसाने एके दिवशी उतारा घेतलाच नाही तर काय होईल, हे त्याच्या हातांना आधीच ठाऊक असतं.

दुसरी माहिती बायकोकडून आली, आणि तीही सहज, बोलता बोलता: ‘तसे ह्यांचे हात दर श्रावणात थरथरतात. गेल्या वर्षी चक्कर येऊन पडले होते, पण उपासाचं होतं ते.’

इथे थोडं थांबायला हवं, कारण सगळं प्रकरण या दोन वाक्यांत आहे. गटारीला पोटभर प्यायची आणि दुसऱ्या दिवसापासून श्रावण पाळायचा हा नेम अनेक घरांत आहे. पिणाऱ्याला तो दोन कारणांनी आवडतो. आई खूश होते. आणि ‘मी महिनाभर थेंब घेत नाही, मग मला व्यसन कसलं?’ हा पुरावा वर्षभर खिशात राहतो. बाकीच्या अकरा महिन्यांत कुणी काही बोललं की तोच बाहेर काढायचा. वैद्यकीय नजरेने मात्र हा नेम म्हणजे डॉक्टरशिवाय, औषधाशिवाय, घरच्या घरी वर्षातून एकदा केलेलं डिटॉक्स. आणि ते दर वेळी जास्त जड जातं. याला किंडलिंग म्हणतात. दारू एकदम तुटण्याचा अनुभव मेंदूला जितक्या वेळा येतो, तितकी पुढची प्रतिक्रिया तीव्र होत जाते. पाच वर्षांपूर्वी दोन दिवस घाम आणि जाग्रण. तीन वर्षांपूर्वी हात इतके थरथरले की आठवडाभर कामाला खाडा. गेल्या वर्षी ‘चक्कर’. नीट खोदून विचारल्यावर कळलं की त्या चक्करेत डोळे फिरले होते, लेंगा ओला झाला होता आणि जीभ चावली गेली होती. ती फिट होती.

फिट येऊन गेलेल्या माणसाने पुन्हा घरीच दारू थांबवायची नसते. हे त्या घरात कुणी सांगितलंच नव्हतं.

तास मोजायचे ते शेवटच्या घोटापासून

श्रावण सोमवारनेच सुरू झाला, जसा २०२४ मध्ये झाला होता. शेवटचा घोट रविवारी रात्री अकराला. त्या दिवशी तीनाऐवजी साडेचार क्वार्टर झाल्या होत्या.

सोमवारी सकाळी सहाला, म्हणजे सातव्या तासाला, तो जागा झाला. अंगाला घाम, कोरड्या ओकाऱ्या, छातीत धडधड. उतारा घेतला नाही. पहिला सोमवार म्हणून उपासही धरला. बायकोने काळा चहा दिला, तर बशीवर कप असा किणकिणायला लागला की पलंगावरच्या आईनेही वळून पाहिलं. त्याने कप खाली ठेवला, बशीत चहा ओतला, बशी जमिनीवर ठेवली आणि वाकून प्यायला. या एका दृश्यावरून अंदाज येतो. हात पुढे करायला सांगितल्यावर बोटं थरथरणं ही मध्यम पायरी. हात टेकवलेले असतानाही थरथर थांबत नसेल, तर ती वरची.

असं का होतं ते सोपं आहे. दारू मेंदूतल्या गाबा या ब्रेकला जोर देते आणि ग्लुटामेट या उत्तेजकाला दाबते. वर्षानुवर्षं हँडब्रेक ओढूनच गाडी चालवायची म्हटल्यावर मेंदू जुळवून घेतो: स्वतःचे ब्रेक ढिले करतो आणि ॲक्सिलरेटर जास्त दाबायला शिकतो. मग एका रात्रीत हँडब्रेक सुटतो आणि ॲक्सिलरेटरवरचा पाय तसाच राहतो. नाडी, रक्तदाब, घाम, थरथर, जाग्रण, फिट ही सगळी त्या दाबून ठेवलेल्या पायाची लक्षणं आहेत. मनाच्या निर्धाराने नाडी खाली येत नाही. ‘मन घट्ट कर’ हा सल्ला म्हणूनच इथे निकामी आहे.

सोमवारी दिवसभर तो पलंगावर बसून राहिला. पाणी घेतलं की उलटी. शेजारची मंडळी कौतुक करून गेली. बायकोला भीती वाटत होती, पण आनंदही होत होता. वर्षभर ज्याची वाट पाहिली तो दिवस होता तो.

मंगळवारी पहाटे साडेचारला, साधारण तिसाव्या तासाला, मोरीच्या उंबऱ्यावर फिट आली. कपाळ कठड्यावर आपटलं. दारू थांबवल्यावरच्या फिट बहुतेक ६ ते ४८ तासांत येतात, बहुधा सर्वांगाच्या असतात, आणि एकापाठोपाठ दुसरी येऊ शकते. घरात जे झालं ते सगळीकडे होतं तेच. कुणी कांदा हुंगवला, कुणी चप्पल. एकाने दात उघडायला चमचा घातला, त्यात पुढचा दात अर्धा तुटला. करायचं होतं ते एवढंच: आजूबाजूच्या बादल्या-तांब्या बाजूला, डोक्याखाली घडी केलेला टॉवेल, झटके ओसरले की कुशीवर वळवणं, घड्याळ बघणं, तोंडात काहीही न घालणं, आणि १०८ ला फोन. ‘आता शुद्धीवर आलाय, सकाळी बघू’ हा विचार सगळ्यात घातक. कारण फिट थांबली म्हणजे संकट टळलं असं नसतं. फिट येऊन गेलेल्यांपैकी बऱ्याच जणांना पुढच्या एक-दोन दिवसांत डिलिरियम, म्हणजे स्थळकाळाचं भान सुटण्याची अवस्था, गाठतो.

सकाळी नऊला गल्लीतल्या डॉक्टरकडे नेलं. उपास, उलट्या, अशक्तपणा आणि पहाटेची फिट एवढं सांगितलं. दारूचा उल्लेख आईने मुद्दाम टाळला, चार लोक बसले होते. डॉक्टरांनीही विचारलं नाही. ग्लुकोजची बाटली लागली, त्यात पिवळं मल्टिव्हिटॅमिनचं इंजेक्शन, उलटीचं एक इंजेक्शन आणि घरी घ्यायला फिटची गोळी. दिसायला सगळं व्यवस्थित. पण यात तीन चुका होत्या, आणि तिन्ही वारंवार होतात.

पहिली, ग्लुकोजची. रोज पिणाऱ्याच्या शरीरात थायमिनचा, म्हणजे ब-१ जीवनसत्त्वाचा, साठा तळाला गेलेला असतो. जेवण कमी, आतड्यातून शोषण कमी, यकृत ते साठवू शकत नाही, आणि वर उपास. साखर जाळायला थायमिन लागतं. उपाशी शरीरात नुसती साखर ओतली तर उरलंसुरलं थायमिनही संपतं आणि वर्निके एन्सेफॅलोपॅथी सुरू होऊ शकते: गोंधळलेपणा, डोळ्यांची हालचाल बिघडणं, चालताना तोल जाणं. तिन्ही लक्षणं एकदम क्वचितच दिसतात, म्हणून निदान हुकतं. उपचार उशिरा झाला तर स्मरणशक्ती कायमची जाते. त्या पिवळ्या पाण्यात थायमिन असतं, पण या गरजेपुढे ते फारच तोकडं.

दुसरी, फिटच्या गोळीची. अपस्मारासाठी दिली जाणारी फेनिटॉइनसारखी औषधं दारू तुटल्याच्या फिट रोखत नाहीत. त्या रोखतात बेंझोडायझेपीन गटातल्या गोळ्या, कारण त्या दारूच्याच जागी, गाबावर, काम करतात आणि मग हळूहळू काढून घेता येतात.

तिसरी, न विचारण्याची. प्रौढ माणसाला आयुष्यात प्रथमच फिट आली असेल तर ‘शेवटची दारू कधी घेतली?’ हा प्रश्न साखर तपासण्याइतकाच ठरलेला असायला हवा. घरच्यांनीही चार लोकांसमोर सांगायचं नसेल तर कागदावर लिहून डॉक्टरच्या हातात द्यावं.

चादरीच्या कडेवरचे नट

मंगळवारी रात्री झोप शून्य. आधी भिंतीवर मुंग्या दिसल्या. मग पोटमाळ्यावर कुणीतरी बोलतंय. इथवर तो ‘मला भास होताहेत का गं?’ असं विचारत होता. दारू थांबवल्यावर पहिल्या-दुसऱ्या दिवशी भास होऊ शकतात, आणि माणूस तेव्हा स्थळकाळाच्या भानावर असतो. बुधवारी पहाटे तीनच्या सुमारास, बावन्नाव्या तासाला, ते भान सुटलं.

तो पलंगावर बसून चादरीची कड दोन बोटांत धरून फिरवत होता. एक पीळ, दुसरा पीळ, मग पुढे सरकून तिसरा. मध्येच हात मागे करून ‘चौदा नंबर दे’ म्हणाला. बायकोने हात धरला तर तिला वर्कशॉपमधल्या हेल्परच्या नावाने हाक मारली आणि ओरडला, ‘शिफ्ट संपायच्या आत बसवायचंय, कळत नाही का?’ तो नट आवळत होता. डिलिरियम ट्रेमेन्समध्ये हे वारंवार दिसतं: शिंपी हवेत सुई ओवतो, ड्रायव्हर गिअर टाकतो. ज्यांनी पाहिलेलं नाही त्यांना ते वेड वाटतं किंवा करणी. इथेही आईने मीठ-मिरच्या ओवाळून टाकल्या. टाकोत बापड्या, त्याने नुकसान होत नाही. नुकसान होतं ते ‘सकाळी मांत्रिकाला बोलावू’ या वाक्याने.

अंग तापलं होतं, घामाने उशी भिजली होती, वार सांगता येत नव्हता. भान सुटणं आणि त्यासोबत ताप, घाम, धावती नाडी असं चित्र दारू थांबवल्याच्या दुसऱ्या ते चौथ्या दिवसात दिसलं, तर ती तातडी हृदयविकाराच्या झटक्याइतकीच समजायची. उपचाराविना यात माणसं दगावतात: हृदयाचे ठोके बिघडून, न्यूमोनियाने, पाणी-क्षारांच्या गोंधळाने. वेळेत उपचार मिळाले तर बहुसंख्य वाचतात.

तीन शेजाऱ्यांनी धरून जिन्यावरून उतरवला, टॅक्सीत घातला आणि पहाटे पाचला महापालिकेच्या मोठ्या रुग्णालयाच्या कॅज्युअल्टीत आणला. नाडी १३२, रक्तदाब १७० वर १०४, ताप १०१.४, साखर ६४.

पहिल्या अर्ध्या तासात क्रम महत्त्वाचा असतो. साखर कमी होती म्हणून थायमिन आणि डेक्स्ट्रोज (ग्लुकोजच) बरोबरच गेलं. नियम असा की थायमिन आधी किंवा सोबत, पण साखर धोक्याइतकी खाली असेल तर थायमिनची वाट बघत डेक्स्ट्रोज अडवून ठेवायचं नाही. थायमिन ५०० मिलिग्रॅम, १०० मिली सलाईनमधून अर्ध्या तासात, दिवसातून तीनदा, तीन दिवस. तोंडाने दिलेल्या गोळ्या या अवस्थेत पुरत नाहीत.

कपाळावरच्या टेंगळामुळे डोक्याचा सीटी स्कॅन झाला. दारू पिणारा गोंधळला की ‘दारूमुळेच’ म्हणून हात झटकण्याची सवय धोक्याची. यकृत बिघडलेलं असलं की रक्त लवकर गोठत नाही, आणि पडल्यावर कवटीच्या आत रक्त साचलं तरी चित्र असंच दिसू शकतं. स्कॅन साफ होता. छातीचा एक्स-रेही काढला, कारण फिटमध्ये उलटी फुप्फुसात गेलेली असू शकते आणि तापाचं कारण तेही असतं.

शांत करण्यासाठी बेंझोडायझेपीन गटातलं लोराझेपाम निवडलं. त्याच गटातलं नेहमीचं डायझेपाम किंवा क्लोरडायझेपॉक्साइड यकृतात मोडताना त्यातून औषधासारखंच काम करणारे आणखी घटक तयार होतात आणि यकृत थकलेलं असेल तर ते साचतात. लोराझेपाम साध्या मार्गाने बाहेर पडतं. शिरेतून २ मिलिग्रॅम, दहा-पंधरा मिनिटांनी पुन्हा बघायचं, गरज असेल तर पुन्हा. पहिल्या तीन तासांत १४ मिलिग्रॅम लागलं. आकडा ऐकून नातेवाईक घाबरतात, नवशिके डॉक्टरही हात आखडतात. कमी डोस देऊन माणूस तडफडत ठेवणं हीसुद्धा चूकच आहे. लक्ष्य असं: डोळे मिटलेले, पण हाक मारली की उघडणारे. श्वास आणि ऑक्सिजन मात्र सतत नजरेखाली. हॅलोपेरिडॉलसारखं औषध एकट्याने देऊ नये, कारण त्याने फिटचा उंबरठा खाली येतो, म्हणजे फिट अधिक सहज येते.

एरवी सीवा या दहा प्रश्नांच्या तक्त्यावर तीव्रता मोजतात. कमाल गुण ६७, आठच्या आत सौम्य, वीसच्या आसपास आणि पुढे गंभीर. पण त्यातले बरेच प्रश्न रुग्णाने उत्तर दिल्याशिवाय भरता येत नाहीत. नट आवळणाऱ्या माणसाला ‘मळमळ किती वाटते’ हे विचारून काही हाती लागत नाही. इथे नाडी, घाम आणि अस्वस्थता बघूनच डोस ठरवावा लागतो.

रक्ताचे अहवाल दुपारी आले. यकृताच्या एन्झाइमांपैकी एएसटी १६८, एएलटी ७१: पहिला दुसऱ्याच्या दुपटीहून जास्त, दारूच्या यकृताची ही खूण. प्लेटलेट ९४ हजार, म्हणजे कमी. लाल पेशींचा आकार १०४, वाढलेला. पोटॅशियम २.९ आणि मॅग्नेशियमही कमी. इथे एक गोम आहे. मॅग्नेशियम भरून काढल्याशिवाय पोटॅशियम कितीही दिलं तरी वर चढत नाही, मूत्रावाटे वाहून जातं. दोन्ही मिळून हृदयाचे ठोके बिघडवतात, म्हणून मॅग्नेशियम सल्फेट पहिल्याच दिवशी सुरू झालं.

वॉर्ड गच्च भरलेला. पुस्तकात लिहिलेली ‘शांत खोली’ मुंबईत बहुतेकांच्या नशिबी नसते. जमण्यासारखं इतकंच केलं: पलंग खिडकीजवळ, रात्रीही एक दिवा चालू (अंधारात भास वाढतात), आणि एका वेळी ओळखीचं एकच माणूस जवळ. बायकोला सांगितलं की दर थोड्या वेळाने साध्या आवाजात तेच सांगत राहा: ‘आपण हॉस्पिटलात आहोत, बुधवार आहे, मी इथेच आहे.’ भासांवर वाद घालायचा नाही आणि होकारही द्यायचा नाही. ‘तुम्हाला दिसतंय, मला दिसत नाही, पण मी आहे’ एवढं पुरतं.

शुक्रवारी संध्याकाळी तो झोपला, सलग चौदा तास. शनिवारी उठून पहिला प्रश्न: ‘माझा खाडा किती दिवसांचा झाला?’ बुधवारचं काहीच आठवत नव्हतं. पुढचे पाच दिवस लोराझेपामच्या गोळ्या रोज साधारण पाचव्या हिश्श्याने कमी करत शून्यावर आणल्या.

हेच आधी ठरवून केलं असतं तर

गटारीच्या दोन आठवडे आधी ओपीडीत येणं पुरेसं होतं. केईएम, सायन, नायर अशा रुग्णालयांत मानसोपचार विभाग आहेत. रांग लागते, सकाळी लवकर जावं लागतं, हे खरं. तिथे पहिला निर्णय असतो तो घरी की दाखल होऊन. पूर्वी फिट किंवा डिलिरियम झालेला, यकृत-हृदयाचा मोठा आजार असलेला, आत्महत्येचे विचार असलेला, किंवा घरी न पिणारं जबाबदार माणूस नसलेला रुग्ण घरी थांबवायचा नाही. या माणसाला गेल्या वर्षीच्या फिटमुळे दाखलच व्हावं लागलं असतं. रविवारी संध्याकाळी दाखल झाला असता तर श्रावणही पहिल्या दिवसापासून पाळला गेला असता. आईला हे असं समजावलं की ती ऐकते: नेम मोडायचा नाही, पहिल्या पाच दिवसांची जागा तेवढी बदलायची. आणि त्या आठवड्याचा सोमवार उपासाचा नाही.

ज्यांना यातलं काही नाही, त्यांना घरी राहून करता येतं. क्लोरडायझेपॉक्साइडचा एक नेहमीचा उतरता क्रम असा: पहिल्या दिवशी २५ मिलिग्रॅम चार वेळा, दुसऱ्या दिवशी २० चार वेळा, तिसऱ्या दिवशी सकाळी आणि रात्री २० व मध्ये दोनदा १०, चौथ्या दिवशी १० चार वेळा, पाचव्या दिवशी दोनदा, सहाव्या दिवशी रात्री एकदा आणि बंद. रोज तीन क्वार्टर पिणाऱ्याला सुरुवात याहून वर लागू शकते, वयस्कर किंवा काविळीच्या माणसाला फार खाली. म्हणून हा तक्ता समजून घेण्यासाठी आहे, मेडिकलवाल्यापुढे धरण्यासाठी नाही. पाकीट बायकोच्या किंवा भावाच्या ताब्यात, एका वेळी एकच डोस हातात. पहिले तीन दिवस रोज डॉक्टरांनी बघायचं. मध्येच दारू घेतली तर पुढची गोळी थांबवून फोन करायचा, कारण दोन्ही एकत्र आले की श्वास मंदावतो.

आणि डॉक्टरची तारीख मिळेपर्यंत? उतारा लागणाऱ्या माणसाने तोवर एकदम बंद करू नये. हे वाक्य लिहिताना हात अडखळतो, पण ते बरोबर आहे. निवडणुकीत मतदान संपेपर्यंतचे ४८ तास ड्राय डे असतो. हाच तो काळ, ज्यात फिट येतात. असा ड्राय डे समोर असेल तर आधीच ओपीडी गाठावी. अड्ड्यावरची हातभट्टी हा त्यावरचा उपाय होऊ शकत नाही. मालाडच्या मालवणीत जून २०१५ मध्ये विषारी दारूने शंभराहून जास्त माणसं गेली.

लोकलच्या डब्यात ‘न कळत दारू सोडवा’ अशी पत्रकं चिकटवलेली असतात. नणंदेने असंच औषध आणून ठेवलं होतं, चहात टाकायला. अशा पुड्यांत काय असतं ते सांगता येत नाही, आणि डायसल्फिराम असेल तर ते न सांगता देणं जिवावर बेतू शकतं. त्याच्यावर दारू पडली की चेहरा लाल, उलट्या, रक्तदाब एकदम खाली. ते औषध चांगलं आहे, पण ज्याला माहीत आहे आणि मान्य आहे त्याच्यासाठी. या रुग्णाचं यकृत आणि ताजी फिट पाहता ते टाळलं. दारूची ओढ कमी करणारं नालट्रेक्सोनही यकृताचे आकडे खाली येईपर्यंत मागे ठेवलं. मूत्रपिंड ठीक होतं म्हणून त्याच कामाचं अकँप्रोसेट दिलं: ३३३ मिलिग्रॅमच्या दोन गोळ्या, दिवसातून तीनदा. अडचण दुपारच्या दोन गोळ्यांची असते, त्या हमखास राहतात. बायकोने त्या डब्याच्या वरच्या कप्प्यात, लोणच्याच्या डबीशेजारी ठेवायला सुरुवात केली. सोबत थायमिन १०० मिलिग्रॅम रोज.

घरच्यांना खासगी ‘नशामुक्ती केंद्र’वाल्यांचेही फोन येतात, ‘गाडी पाठवतो, उचलून नेतो’. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यात दारूचं व्यसन येतं. रुग्णाच्या मनाविरुद्ध दाखल करायला त्यात ठरलेली पद्धत आहे, डॉक्टरांची तपासणी आहे, मुदत आहे. रात्री गाडीत कोंबणं त्यात बसत नाही. केंद्राला दोन प्रश्न विचारावेत: नोंदणी दाखवा, आणि रात्री फिट आली तर हजर डॉक्टर कोण? दुसऱ्या प्रश्नावर जो अडखळतो तिथे पहिल्या आठवड्यात माणूस ठेवू नये.

डिटॉक्स झालं म्हणजे दारू सुटली असं कुणी समजू नये. झोप दोन-तीन महिने कच्ची राहते, चिडचिड राहते, आणि पगाराच्या संध्याकाळी घशाशी तहान येते. झोपेसाठी लोराझेपामची चिठ्ठी पुन्हा मागितली जाते. ती देऊ नये, नाहीतर एक सोडून दुसरं लागतं. अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस या दारू सोडणाऱ्यांच्या गटाच्या मराठी सभा मुंबईत महापालिकेच्या शाळांच्या वर्गांत संध्याकाळी भरतात, फी नसते. बायकोसाठी अल-अनॉन, म्हणजे पिणाऱ्यांच्या घरच्यांचा गट, आहे. रात्री-अपरात्री बोलायला टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर आहे, मराठीत.

श्रावणानंतर गणपती येतात. मंडळाच्या मांडवामागे काय चालतं ते चाळीत सगळ्यांना माहीत असतं. या माणसाची खरी परीक्षा पहिल्या सोमवारी नव्हती, ती विसर्जनाच्या रात्री होती. म्हणून डिस्चार्जच्या वेळीच त्या रात्रीचं ठरलं: मिरवणुकीला जायचं, पण मुलांना घेऊन, आणि दहाला घरी. तरीही पिणं पुन्हा सुरू झालं, तर काय करायचं ते कार्डावर लाल शाईने लिहून दिलं: ‘पूर्वी फिट व डिलिरियम. घरी अचानक दारू बंद करू नये. ज्या दिवशी थांबवायची, त्या दिवशी हे कार्ड घेऊन थेट दाखल व्हावे.’ बायकोने त्याच्या दोन झेरॉक्स काढल्या. एक शेजारच्या वहिनींकडे दिली, दुसरी त्याच्या डब्याच्या पिशवीत घातली.